बर्फासाठी मागितलेली रजा

मस्कतच्या कंपनीत माझी दोन वर्षं पुरी व्हायला आली होती. सप्टेंबरात मी रजेचा अर्ज दिला आणि त्यात कारणाच्या जागी खरं ते लिहिलं : मित्रांबरोबर हिमालयात बर्फात चालायला जायचं आहे. तिथेच चुकलं, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. त्यात नातेवाईक होते, हितचिंतक होते, माझ्याच खोलीत राहणारे दोघे होते. ऐंशीचं दशक संपायला दोन-तीन वर्षं उरली होती तेव्हाची ही गोष्ट. आज इतक्या वर्षांनीही कुणी तसं म्हणालं की माझं डोकं फिरतं. रजा माझी होती. करारात लिहिलेली होती. ती घेऊन मी काय करणार हे खरं सांगण्यात चूक कसली?

आम्ही तिघं होतो. धुळ्याला शिकत असताना एका खोलीत राहिलेले. मी धुळे तालुक्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला, पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा केलेला. दुसरा अमळनेरचा. तो पुढे तिथल्याच एका हायस्कुलात भूगोलाचा शिक्षक झाला, म्हणून त्याला आम्ही मास्तर म्हणत असू. तिसरा रावेरकडचा. वडिलांची कंबर धरली तेव्हा कॉलेज अर्धवट सोडून तो केळीच्या बागेत उतरला आणि तिथलाच झाला. रविवारी तिघं लळिंगचा किल्ला चढायचो. सुट्टी मोठी असली की एसटीनं शिरपूरला, तिथून पुढे सातपुड्यात, पाड्यापाड्यानं चालत. आमच्याकडे तंबू नव्हते, नकाशे नव्हते, पण पाय चांगले होते.

बर्फाचं वेड मास्तरचं. दर वर्षी तो पोरांना हिमरेषा शिकवायचा, हिमनद्या फळ्यावर काढायचा. एकदा वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही पाह्यलाय का बर्फ?" तो म्हणाला, "हो, पाहिलाय." घरी येऊन त्यानं मला मस्कतला पत्र लिहिलं. आठवीच्या पोरीशी खोटं बोललो, आता खरं करायलाच पाहिजे, जानेवारीत जायचं, उन्हाळ्यात नाही, उन्हाळ्यात सगळेच जातात.

जागा त्यानंच शोधली. उत्तरकाशीच्या वरच्या अंगाला एक गाव, तिथून चार दिवसांची चढण, वर एक मोठं कुरण आणि त्याच्या माथ्यावर खिंड. थंडीत सगळं पांढरं. माहितीसाठी त्यानं एका मोठ्या शहरातल्या गिर्यारोहण मंडळाला लिहिलं. उत्तर आलं ते त्यानं मला जसंच्या तसं उतरवून पाठवलं. हिवाळी चढाई नवख्यांसाठी नाही, आपल्या भागातल्या हवामानाची सवय पाहता आपण मे महिन्यात एखाद्या सोप्या शिबिराला यावं, असा मजकूर होता. आपल्या भागातलं हवामान. म्हणजे ही माणसं उन्हात वाढलेली, यांना थंडी काय झेपणार. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे गव्हाला पाणी धरणाऱ्या माणसाच्या पायांची काय अवस्था होते, ते त्या मंडळातल्या कुणी पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते पत्र वाचून मी इतका चिडलो की त्याच दिवशी मास्तरला कळवलं, आता जायचंच.

मग वर्षभर निळ्या एरोग्रामवर आमची तयारी चालली. पत्र पोचायला बारा-पंधरा दिवस. मी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचो तोवर मास्तर तो प्रश्न विसरलेला असायचा. त्यानं बटर पेपरवर नकाशा गिरवून घेतला आणि चार घड्या करून पाठवला. बूट मी घ्यायचे ठरलं होतं, म्हणून दोघांनी पावलांची मापं पाठवली. मास्तरचं पाऊल वहीच्या कागदावर नीट बसलं. केळीवाल्याचं बसलं नाही. त्यानं टाच एका कागदावर काढली, चवडा दुसऱ्यावर, आणि खाली लिहिलं, "दोन्ही जोडून घेजो भो, मधी थोडी जागा सोडजो."

ते कागद कापून, चिकटवून मी बाजारात हिंडलो. बाहेर अंगाची लाही होत होती आणि मी दुकानादुकानात लोकरी मोजे मागत होतो. एका दुकानदारानं विचारलं, कुठे चाललास, युरोपला? मी म्हटलं, घरी चाललोय. शुक्रवारी सुट्टी असायची. पहाटे उठून मी शहरामागच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर चढायचो. इतर दिवशी काम संपलं की साइटवरच्या पाण्याच्या उंच टाकीच्या लोखंडी पायऱ्या, पाठीवर जुन्या व्हॉल्व्हनी भरलेलं पोतं घेऊन, वर आणि खाली. खालून केरळचा फोरमन ओरडायचा, पगारवाढ त्या टाकीत नाहीये. हसायचे सगळे. मला त्याचं काही वाटायचं नाही. वर्षभर त्या कोरड्या देशात मला जगवलं ते त्या जानेवारीनं.

सप्टेंबरात अर्जावर सही झाली. आमचा साइटवरचा मुख्य साहेब आपल्याच राज्यातला होता. चांगलं मराठी बोलायचा, गणपतीला घरी बोलवायचा. आमचे पासपोर्ट त्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असत. कुणी कधी विचारलं नाही की आमचे पासपोर्ट तुमच्या कपाटात का. तशीच रीत होती आणि रीत आहे म्हटलं की माणसं गप्प बसतात. मीही बसलो होतो.

डिसेंबरच्या मध्यावर त्यानं मला बोलावलं. पंपांची चाचणी लांबली होती. त्याच्यासमोर माझा अर्ज होता.

"हे काय आहे?"

"रजेचा अर्ज. सप्टेंबरात तुम्ही सही केली होती."

"सही केली तेव्हा कारण वाचलं नव्हतं. घरी लग्न आहे का कुणाचं?"

"नाही."

"कुणी आजारी? काही बरंवाईट?"

"नाही."

"मग ही रजा थांबू शकते. बर्फ कुठे पळून जात नाही."

मी म्हटलं, माझी दोन वर्षं पुरी झाली, करारात एक महिना आहे, मित्रांनी भुसावळहून तिकिटं काढली आहेत. त्यानं माझं ऐकलं नाही. शेजारी बसलेल्या कारकुनाकडे वळून तो म्हणाला, "हे बघा, धुळ्याचे. मे महिन्यात यांच्याकडे रस्त्याचं डांबर वितळतं, आणि यांना बर्फ पाहिजे." कारकून हसला. साहेब हसला म्हणून हसला, हे कळत होतं, तरी मी त्यालाही मनातून सोडलं नाही. त्यानंतर साहेबानं अर्जावर आडवी रेघ मारली.

खोलीवर आलो तर माझ्याच खोलीत राहणाऱ्या फोरमननं समजूत घातली. अर्जात कधी खरं लिहायचं नसतं, तो म्हणाला. त्याचा एक मामा त्या कंपनीच्या दप्तरात दोनदा वारला होता. खोलीतल्या दुसऱ्यानं सुचवलं, आईच्या नावानं तार मागव, आईला कुणी नाही म्हणत नाही. मी त्याच्यावर इतका ओरडलो की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आई जिवंत आहे, धडधाकट आहे, शेतात जाते. माझ्या हक्काच्या तीस दिवसांसाठी मी तिला खाटेवर का झोपवू?

मी मास्तरला लिहिलं. रजा रद्द झाली, कारण काय तर घरात कुणी मरत नाहीये. खोटं बोलून येणार नाही. तुम्ही दोघं जा.

त्या पत्राचं उत्तर आलं नाही. जानेवारी लागून चार-पाच दिवस झाले होते. मी पंपाशी होतो तेव्हा साहेबाचा ड्रायव्हर मला घ्यायला आला. साहेब दारात उभा होता. त्यानं मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि मग हातात तार दिली. इंग्रजीत चार शब्द होते. आई गंभीर. ताबडतोब नीघ.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. मी रडलो. साहेबानं माझ्या पाठीवर हात ठेवला. स्वतः उठून कपाट उघडलं, पासपोर्ट काढला, माझ्या खिशात घातला. "आई म्हणजे आई," तो म्हणाला. "पंपांचं आम्ही बघू." संध्याकाळच्या विमानाचं तिकीट त्यानंच करवून घेतलं. खोलीतल्या दोघांनी माझं सामान भरलं. ज्याच्यावर मी ओरडलो होतो तोच माझे शर्ट घड्या घालत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

विमानात मला एकच वाटत होतं. मी तिला दोन वर्षांत पाहिलेलं नाही, आणि रजा मागितली ती बर्फासाठी. तिच्यासाठी का नाही मागितली? मागितली असती तर डिसेंबरातच दिली असती का त्यानं? मी हात जोडून त्या खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसलो होतो. काय काय नवस बोललो ते सांगायला लाज वाटते.

मुंबईला कस्टमच्या माणसानं बॅग उघडायला लावली. मी उघडली आणि मलाच धक्का बसला. वर तीन जोड जड बूट, वेगवेगळ्या मापांचे. लोकरी टोप्या, मोजे, हातमोजे. खोलीतल्या दोघांनी माझ्या खाटेखालचं होतं नव्हतं ते सगळं भरून दिलं होतं.

"कुठे निघालात?"

"घरी. आई आजारी आहे."

त्यानं बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकेक बूट उलटा करून आपटला. माझं तोंड सुजलेलं, डोळे लाल, आणि मी एका अनोळखी माणसाला पटवून देत होतो की माझी आई खरोखर आजारी आहे. शेवटी त्यानं जाऊ दिलं, पण त्याचा विश्वास बसला नव्हता, आणि बिचाऱ्याचंच बरोबर होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

गावात फोन नव्हता. चाळीसगावला उतरलो, धुळ्याची गाडी पकडली, तिथून एसटी. गावच्या थांब्यावर एक ओळखीचा म्हातारा तंबाखू मळत बसला होता. "कव्हय ऊना भाऊ?" कधी आलास, एवढंच त्यानं विचारलं. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, हा लपवतोय. घरी जाऊनच कळू दे असं ठरवलंय सगळ्यांनी. तिथून घरापर्यंतचं अंतर मी कसं चाललो ते मलाच माहीत.

ओट्यावर कापसाचा ढीग होता. चार-पाच बाया त्यातला काडीकचरा काढत बसल्या होत्या आणि मधोमध आई होती. पदर खोचलेला, केसात कापसाचे तंतू. मला बघून ती उभी राहिली.

"तू? आसा कसा काय ऊना रे?"

मी बॅग टाकली. "माय, तू बरी शे?"

"माले काय व्हयनं? मी बरी शे." मग तिनं माझं तोंड नीट पाहिलं. "तुले काय व्हयनं?"

मी ओट्यावर बसलो आणि हसायला लागलो, मग रडायला लागलो. आबा, माझे वडील, मागच्या गोठ्यातून आले. खिशातली तार त्यांच्या हातात दिली. त्यांनी एकेक अक्षर लावत ती वाचली आणि पुन्हा वाचली. खाली लिहिलेलं गाव अमळनेर होतं. मला ते इतका वेळ दिसलं नव्हतं. आमच्या घरातून कुणी तार केली असती तर ती धुळ्याहून आली असती. अमळनेरला आमचं कुणी नव्हतं. मास्तर सोडून.

बायांचे हात थांबले होते. आबांनी आईला सांगितलं काय लिहिलंय ते. तिनं पदर सोडला, आत गेली. माझ्यासाठी चहा केला, पाटावर ठेवला, आणि पुन्हा आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी अमळनेरला गेलो. मधली सुट्टी होती. शाळेच्या मैदानावर पोरं पळत होती आणि मास्तर कडुनिंबाखाली उभा होता. मला बघताच त्याचा चेहरा फुलला. हात पसरून आला.

"आलास ना? मला माहीत होतं. झालं ना काम?"

मी त्याचे हात बाजूला केले. "माझी आई मेली असं समजून मी आलोय."

"असं कसं? मी पत्र लिहिलं होतं ना. तार येईल, घाबरू नकोस, साहेबाला दाखव, असं सगळं लिहिलं होतं."

"कधी टाकलंस?"

"तारेच्या आठ दिवस आधी."

"पत्राला पंधरा दिवस लागतात. वर्षभर आपण तेच रडतोय. तुला माहीत नव्हतं?"

तो जरा मागे सरला. मग म्हणाला, "नाताळची गर्दी असेल पोस्टात." आणि वर, "तारीख जवळ येत होती. तू तर हट्टाला पेटलेला. मी काय करायचं होतं?"

काय करायचं होतं. काही करायचं नव्हतं. मी त्याला म्हटलं, तुझ्या आईचं नाव का नाही घातलंस? त्यावर तो जे म्हणाला ते ऐकून मी त्याला मारलं असतं, पण आजूबाजूला त्याचे विद्यार्थी होते. तो म्हणाला, "माझी आई म्हातारी आहे रे, अशुभ कशाला?" म्हणजे अशुभ त्याला कळत होतं. फक्त ते दुसऱ्याच्या घरात ठेवायचं होतं.

मी तिथून थेट रावेरकडे गेलो. केळीवाल्याला तारेतलं काही माहीत नव्हतं. तो बागेत घड उतरवत होता, खांद्यावर गोणपाट. ऐकलं आणि हातातला विळा खाली ठेवला. तो शांत माणूस. त्याला चिडलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. "माय काय खेळायची गोष्ट हाये का?" तो म्हणाला. आणि म्हणाला, जायचं रद्द. मी बूट आणले होते, त्याच्यासमोर ठेवले. मापाला बरोबर बसले. आम्ही दोघं बांधावर बसून त्या बुटांकडे बघत राहिलो. वर्षभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते सगळं खराब झालं होतं.

मला मास्तरचा राग आला होता, पण खरा राग त्याच्यावर नव्हता, आणि हे मला आईनं दाखवलं.

तिसऱ्या दिवशी मास्तर आमच्या घरी आला. सायकल एसटीच्या टपावर टाकून, थांब्यापासून सायकलनं. आईच्या पाया पडला. आईनं त्याला बसायला सांगितलं. जेवायची वेळ होती. तिनं भाकरी आणि भरीत वाढलं, समोर बसली आणि तो जेवायला लागल्यावर विचारलं,

"माले माराले कितला शब्द लागनात रे तुले?"

त्याचा घास हातात राहिला. "चार, माय."

"चार." ती मान हलवत म्हणाली. "जेव आते."

तो रडत रडत जेवला. तो जेवून उठेपर्यंत ती हलली नाही. मग ती माझ्याकडे वळली. तारेचं कळल्यापासून पहिल्यांदा.

"तुना सायेब माय मरावरच सुटी देस का?"

मी म्हटलं, हो, तसंच आहे तिथे.

"आन् जित्ती मायना पोऱ्याले सुटी नही?"

 दोन वर्षं मी ज्या गोष्टीभोवती फिरत होतो ती तिनं, तिथे कधीही न जाता, एका वाक्यात पकडली होती. तिथे आम्ही शेकडो माणसं होतो. घरी यायचं तर घरातलं कुणीतरी मेलं पाहिजे. मेलं नसेल तर मेलं असं सांगितलं पाहिजे. सगळ्यांच्या आया, मामा, काका त्या कपाटावरून ओवाळून टाकलेले. आणि हे कुणाला विचित्र वाटत नव्हतं.

"लिख त्याले," आई म्हणाली. "मनी माय जित्ती शे, आसं लिख. खोटं सांगीसन ऊना, आते खरं सांगीसन जाय."

आबा म्हणाले, "नोकरी जाई त्यानी."

"जावो," आई म्हणाली आणि मास्तरचं ताट उचलून आत गेली.

मी लिहिलं. इंग्रजीत, एका पानावर. तार खोटी होती, ती मी पाठवायला सांगितली नव्हती, मी ती खरी समजून निघालो. माझी आई ठीक आहे. करारानं मला एक महिन्याची रजा मिळायला हवी होती, ती तुम्ही नाकारली, मी ती आता घेत आहे, आणि महिना संपला की कामावर हजर होईन. धुळ्याच्या पोस्टातून रजिस्टर करून टाकलं. पावती हातात आली तेव्हा बरं वाटलं. 

मग आम्ही गेलो. आईनंच धाडलं म्हणायचं; तिचा निरोप गेल्यावर केळीवालाही तयार झाला. भुसावळला तिघं एका डब्यात चढलो, पण मास्तरशी मी बोलत नव्हतो. दिल्ली, हरिद्वार, तिथून बसनं वर. दोन दिवस चढलो तेव्हाही बोलत नव्हतो. गावातला एक वाटाड्या पुढे होता, तो आणि केळीवाला मोडक्या हिंदीत गप्पा मारत चालायचे आणि आम्ही दोघं मुकाट मागे.

पहिला बर्फ देवदारांच्या सावलीत दिसला, मळलेला, पानं चिकटलेला. केळीवाल्यानं खाली बसून मूठभर घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. "लयच हलका हाये," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी कुरणावर आलो तेव्हा गुडघाभर होता. सगळीकडे इतका उजेड की डोळे उघडवत नव्हते. मास्तर माझ्या पुढे होता. तो थांबला, मागे वळला आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण मी खाली बघितलं. त्यानं दर वर्षी शिकवलेली गोष्ट पहिल्यांदा पाहिली आणि ती मला सांगायची त्याची सोय मी ठेवली नाही. याचं मला आज वाईट वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

खिंडीपर्यंत आम्ही पोचलो नाही. चौथ्या दिवशी सकाळी आभाळ भरलं, वाटाड्यानं वर बघून मान हलवली आणि परत फिरवलं. उतरताना मास्तर घसरला, दहा-बारा फूट गेला आणि एका खडकाला अडकला. काही लागलं नाही. पण त्याला हात देऊन वर घेताना मी त्याला शिव्या घातल्या, त्यानं मला घातल्या, आणि त्या बर्फात उभं राहून आम्ही एकमेकांना जे जे म्हणायचं होतं ते म्हणून घेतलं. वाटाड्या घाबरला होता. केळीवाला त्याला म्हणाला, "बोलने दो. पंद्रा दिन का बाकी है." त्यानंतर मी मास्तरशी बोलायला लागलो.

महिना संपला, मस्कतला हजर झालो. साहेबाच्या टेबलावर माझं पत्र होतं, उघडलेलं. मला वाटलं होतं तो ओरडेल, चोर म्हणेल. त्यानं मला बसायला सांगितलं. तो दुखावल्यासारखा दिसत होता.

"हे कशाला लिहिलंत तुम्ही?"

"खरं होतं म्हणून."

"मला काय माहीत नव्हतं?" तो म्हणाला. "डिसेंबरात रजा नाकारली आणि जानेवारीत तार. मी इथे आठ वर्षं आहे. सगळ्यांच्याच तारा येतात. तार आली की मला सही करता येते, वर दाखवायला कागद असतो. तुमचं काम झालं होतं. आता हे पत्र मी कुठे ठेवू?"

मला त्याचं म्हणणं कळायला वेळ लागला. त्यानं मला पाणी दिलं होतं, पाठीवर हात ठेवला होता, आई म्हणजे आई म्हणाला होता. मी त्याच्यासमोर हमसून रडत होतो आणि तो समजत होता की मी छान सोंग करतोय.

"मी रडत होतो," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "मला वाटलं, माणूस तयारीचा आहे."

मी उठलो. त्याच्यावर हात टाकला नाही, शिवी दिली नाही. पासपोर्ट मात्र त्या कपाटात परत ठेवला नाही. त्यानं मागितला तेव्हा नाही म्हटलं. पुन्हा मागितला, पुन्हा नाही म्हटलं. माझा करार जूनमध्ये संपला आणि तो वाढवला गेला नाही. वर काय कारण कळवलं ते मला कधी समजलं नाही. काहीतरी खोटंच असणार.

परत आलो तेव्हा गावातल्या लोकांना वाटलं, पोरानं हातची नोकरी घालवली. आबांनाही मनातून तसंच वाटत होतं, पण आईसमोर ते बोलत नसत. दोन-तीन महिन्यांत जळगावला एका कारखान्यात लागलो. पुढच्या डिसेंबरात केळीवाल्याचं पत्र आलं, राहिलेली खिंड पुरी करायची का म्हणून. मास्तर तयार होता. मी अर्ज लिहिला, कारणाच्या रकान्यात लिहिलं, मित्रांबरोबर हिमालयात बर्फात चालायला जाणे. तिथला साहेब भला माणूस. त्यानं अर्ज वाचला, मान वर न करता तांबड्या शाईनं ती ओळ खोडली आणि तिच्यावर 'घरगुती कारण' असं लिहून सही करायला पेन टेकवलं.

मी अर्ज त्याच्या हाताखालून ओढून घेतला आणि तीच ओळ पुन्हा लिहायला त्याच्याकडे कोरा कागद मागितला.